तीन दोरे आणि चार बोटं

त्या सकाळी आमच्या चौकात इतकी गर्दी होती की दूधवाल्यानं सायकल डोक्यावर घेतली. मधोमध पडदा, पडद्याआड गोल स्टुलावर आदल्याच दिवशी आलेले दोरेबुवा, आणि बाहेर पिंपांची झाकणं, गोल डबे घेतलेली रांग.

बुवांचा चमत्कार साधा होता. झाकणाच्या मध्यातून आरपार दोरा ताणायचा, तेवढेच तीन तुकडे कापायचे आणि काठाभोवती एकापुढे एक लावायचे. घरात बरकत असेल तर टोकाला टोक मिळतं. नसेल तर फट राहते, आणि बरकत तिथून गळते.

फट प्रत्येकाला राहत होती. पण हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आपल्या घराला भोक आहे हे शेजाऱ्याला कोण सांगेल?

"काय निघालं?" रांगेतला शिंपी विचारायचा.

"टोकाला टोक," झाकण छातीशी धरून वाणी सांगायचा आणि घाईनं घरी जायचा.

आमच्या झाकणाला चार बोटं फट निघाली.

"घरात शेवटी कोण आलं, माई?" बुवांनी माझ्या बायकोला विचारलं.

"सून. चार महिने झाले."

"तिला माहेरी पाठवा. फट बुजली की आणा."

"कधी बुजेल?"

"ते फटीवर आहे."

मी मागेच उभा होतो. जन्मभर पुस्तकं वाचली, मला हे माहीत असायला हवं होतं. खरं तर होतंच. पण एवढ्या ठामपणे बोलणारा माणूस चुकेल कसा? आपलंच वाचन कच्चं असेल. कुणी चुकून माझा नंबर लावला तरी माफी मीच मागतो.

घरी आल्याबरोबर बायकोनं सुनेची ट्रंक बाहेर काढली. मुलगा कामासाठी परगावी होता. सून मुकाट्यानं कपड्यांच्या घड्या घालत होती. मी हळूच तिला सगळं सांगितलं.

"झाकण केवढं आहे, मामंजी?"

"अठ्ठावीस बोटं असेल."

"मग चारच राहणार. सातवा हिस्सा." तिचे वडील पत्र्याचे गोल डबे करायचे, आणि कात्री हिच्या हाती असायची. "तीन तळांच्या रुंदीएवढीच पट्टी कापली की डबा मिटायचा नाही. वडील ओरडायचे, वरचा सातवा हिस्सा काय तुझा सासरा देणार?"

"पुस्तकातही तेच आहे," मी म्हणालो. "परीघ व्यासाच्या तिपटीहून थोडा जास्त. त्या पटीला 'पाय' म्हणतात."

"मग तिथं बोलला का नाहीत?"

मी दोऱ्याचं रीळ उचललं. सून निघाली, आणि हा काय नवा तमाशा म्हणून बायकोही.

"बुवा, शंका आहे एक," चौकात मी म्हणालो. "वेडगळ असेल. तुमचं स्टूल मोजू का? सगळ्यांसमोर?"

"स्टूल निर्जीव असतं, काका."

"झाकण तरी कुठं बोलतं?" शिंपी म्हणाला.

बुवांना उठावं लागलं. सुनेनं दोरा ताणला, तीन तुकडे कापले, लावले. दोन बोटं फट.

मग शिंपी म्हणाला, "आमची तीन होती."

"आमची पाच," वाणी पुटपुटला. "पिंप मोठं आहे ना."

"आणि मला सांगितलंस टोकाला टोक."

"तू तरी काय सांगितलंस?"

झाकणं पुन्हा बाहेर आली. सून मोजत गेली. दर वेळी सातवा हिस्सा.

बायकोनं बुवांकडे पाहिलं. "आपल्या गल्लीत शेवटी कोण आलं हो?"

बुवा त्याच दुपारी गेले.

बुवांनी दोरा बदलला नव्हता, हातचलाखीही केली नव्हती. माप खरंच होतं, खोटा होता तो त्याचा अर्थ. कुठल्याही वर्तुळाच्या परिघात व्यास तीनदा मावतो आणि वर व्यासाचा जवळजवळ सातवा हिस्सा उरतो. मध्यापासून काठापर्यंतची त्रिज्या घेतली तर सहादा, आणि वर थोडं. बांगडी असो वा विहीर, श्रीमंताची असो वा गरिबाची, हे बदलत नाही. त्याला सून लागत नाही.

बायकोनं ट्रंक स्वतः आत ठेवली. सुनेला म्हणाली, "मला शिकव ते मोजायला."

तेव्हा कुणी तुमच्या घरातला दोष दाखवलाच, तर आधी शेजाऱ्याचं झाकण मागून आणा आणि दोघांनी मिळून मोजा. लाज वाटेल. मलाही वाटली. तरी मोजा.