शाब्बासकीची वाट

तिचा आवाज दुकानादुकानांत विकायला होता. निळा हत्ती, पोटात सेल, आणि सेलच्या जिवावर बोलणारी ती. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'लवकर बोलायला शिकवणारा मित्र'. आणि तिचा स्वतःचा मुलगा, घरादाराचा लाडोबा, अडीच वर्षांचा झाला तरी तोंडातून शब्द काढत नव्हता.

आधी सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. मुलगे उशिराच बोलतात म्हणे. बाप तर सांगत सुटला होता, की आपणही तीन वर्षांपर्यंत मुखदुर्बळच होतो. आता एवढा बडबड्या माणूस तीन वर्षं गप्प बसला असेल, यावर कुणाचा विश्वास बसणार? पण शेजारची धाकटी पोर, लाडोबाच्या मागून जन्मलेली, जिन्यात 'मावशी, माझी चप्पल बघ' म्हणाली. दुसऱ्याच दिवशी आईने लाडोबाला मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी कान तपासले. पाठीमागे खुळखुळा वाजवून पाहिला, तर लाडोबाने झटकन मान वळवली. 'चेंडू दे' म्हटल्यावर चेंडू दिला. मग त्यांनी तोच चेंडू वर धरला.

"हे काय आहे, बाळा?"

लाडोबा हसला. ओठ मिटलेले, डोळे बाईंच्या चेहऱ्यावर. कसल्याशा आनंदाच्या बातमीची वाट बघावी तसा तो थांबला. थोड्या वेळाने हसू मावळलं आणि कपाळावर आठी पडली.

"हे काय?" बाईंनी आता कपबशी दाखवली. पुन्हा तेच. हसू, थांबणं, आठी.

"ऐकू येतंय, कळतंही आहे," बाई म्हणाल्या. "पण विचारलं की हा थांबतो. कशासाठी थांबतो?"

तिला कळलं होतं कशासाठी.

हत्तीचं ध्वनिमुद्रण तिने काचेच्या छोट्या खोलीत केलं होतं. 'गाय काय म्हणते?' असं विचारायचं, मनात तीन मोजायचे, मग म्हणायचं, 'शाब्बास! अगदी बरोबर!' ती मधली जागा मुलाने उत्तर द्यायची. पहिल्याच दिवशी तिने कंपनीच्या माणसाला विचारलं होतं, "मूल काहीच बोललं नाही तर?"

"हत्तीला कुठे कान आहेत, ताई? तो आपला शाब्बास म्हणणारच. शाब्बासकी नसली तर पोरं खेळणं फेकून देतात."

सगळे हसले, तीही हसली. आणि मग तिने इतक्या गोडीने शाब्बास म्हटलं, की काचेपलीकडच्या ध्वनिमुद्रकाने अंगठा वर केला. त्याचा तिला अभिमान वाटला होता. खोटं कशाला बोला, अजूनही वाटत होता.

लाडोबा वर्षभर तो हत्ती मांडीवर घेऊन बसला होता. शिकलाही होता. विचारलं की गप्प राहायचं, कौतुक आपोआप येतं. पोर मठ्ठ नव्हतं. उलट फारच नीट शिकलं होतं, आणि शिकवणारी बाई त्याची आईच होती.

डॉक्टरीणबाईंना तिने सगळं सांगितलं.

"एवढ्या एकाच कारणाने असेल असं मी म्हणणार नाही. पण ते खेळणं आजपासून बंद करा. आणि विचारल्यावर उत्तर तुम्ही भरू नका. थांबा. त्याचं तोंड उघडेपर्यंत थांबा. चिडून नाही, प्रेमाने. एका दिवसात होणारं काम नाही हे."

घरी येताच तिने हत्ती माळ्यावर टाकला. सासूबाई स्वयंपाकघरातून लंगडत बाहेर आल्या.

"अगं, त्याला का शिक्षा?"

गंमत अशी, की हत्ती घरात आला तेव्हा सगळ्यात आधी नाक मुरडलं होतं ते सासूबाईंनीच. माझी तीन पोरं पातेली आणि झाकणं बडवत बोलायला लागली, त्यांना कुठे हत्ती होते, असं त्यांनी जावयालासुद्धा फोन करून ऐकवलं होतं. पण पातेल्यांमागे धावणारे गुडघे आता राहिले नव्हते. सून सकाळी जाई ती संध्याकाळी येई. हत्ती लावला की नातू जागचा हलत नसे.

"आई, त्याने त्याचं बोलणं अडवलंय."

"त्याने म्हणजे कुणी? तुझाच आवाज ना तो? मला वाटायचं, तू घरात नसलीस तरी पोराच्या कानावर आईचा आवाज पडतोय. यात माझं काय चुकलं, सांग."

चुकलं असं काहीच नव्हतं. त्या बिचाऱ्या नातवाला आईच ऐकवत होत्या.

"तुमचं नाही चुकलं," ती म्हणाली. पण सूर असा लागला, की सासूबाई तोंड फिरवून बसल्या.

बाहेरून चालून आल्यामुळे लाडोबाला तहान लागली होती. त्याने ओट्यावरच्या पेल्याकडे बोट दाखवलं. तिने पेला भरला, हातात घेतला आणि त्याच्यासमोर जमिनीवर मांडी घातली.

"काय हवंय माझ्या बाळाला?"

लाडोबा हसला आणि थांबला.

तीही थांबली. मनात तीन झाले, दहा झाले. जिभेच्या टोकावर आलेला शब्द ती दात आवळून मागे लोटत होती.

"दे गं ते पाणी," सासूबाई कळवळल्या. "एवढी कसली परीक्षा घेतेस लेकराची?"

तिने मान हलवली. लाडोबाच्या कपाळावर आठी आली. पाण्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो आईच्या तोंडाकडे बघत होता. मग काहीतरी सुचल्यासारखा तो उठला, तिला वळसा घालून मागे गेला आणि तिचे केस त्याने बाजूला सारले. इवलीशी बोटं तिच्या मानेवरून चाचपत फिरू लागली.

"गुदगुल्या करतोय आईला," सासूबाई हसल्या. आणि एकदम हसायच्या थांबल्या. हत्तीची कळ तिथेच होती, मानेमागे, झुलीच्या काठाखाली.

लाडोबाला तिच्या टॉपच्या गळ्यामागचं बटण सापडलं. त्याने ते अंगठ्याने जोर लावून दाबलं आणि लगबगीने पुढे येऊन तिच्या तोंडाकडे पाहिलं.

बोलायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पण समोर तो चेहरा होता. आई बंद पडलीय आणि आता चालू होईल, अशी खात्री असलेला. तिचा धीर सुटला.

"अरे, मी आई आहे रे!" ती रडतच ओरडली. "मी आई आहे तुझी!"

लाडोबाचा चेहरा उजळला. त्याने दोन्ही हातांनी टाळ्या पिटल्या, धावत तिच्या मागे गेला आणि बटण पुन्हा दाबलं.