निळी सायकल

मिस्त्रींनी सायकल उलटी केली, मागचं चाक हाताने फिरवलं आणि ते लंगडत थांबेपर्यंत पाहत राहिले.

"दुरुस्त करून देतो, ताई. पण तुम्ही नका बसू हिच्यावर."

ती हसली. अंगाने ती बाबांवर गेली होती. असलं काही ऐकायची सवय होती. मिस्त्रींनी वजन सरळ विचारलं, तिनेही आढेवेढे न घेता खरं सांगितलं. मग त्यांनी कोपऱ्यातली काळी सायकल पुढे ओढली. जाड नळ्या, रुंद टायर, मागच्या चाकाला चाळीस तारा. रोज कामावर जायचं तर हीच घ्या, म्हणाले. दिसायला म्हैस आहे, पण कुरकुरायची नाही.

तीन वर्षांपूर्वी याच दुकानात बाबांनी अगदी अशाच सायकलीवर हात ठेवला होता. दूधवाल्यासारखे दिसाल, असं ती म्हणाली आणि त्यांनी हात काढून घेतला. घेऊन देणार ती, म्हणून पसंतीही तिचीच. निळी, सडपातळ.

"ही कोण चालवायचं?"

"बाबा. बाइंडिंगच्या कारखान्यात जायचे. मागच्या महिन्यात वारले."

बाबा अंगाने कसे होते, हे मिस्त्रींनी हळूच विचारलं. माझ्या दीडपट, ती म्हणाली.

चाकाच्या पाच तारा तुटलेल्या होत्या. त्या वाजू नयेत म्हणून कुणीतरी पुस्तकं शिवायच्या मेणदोऱ्याने शेजारच्या तारांना नीट बांधून टाकल्या होत्या. गाठी बाबांच्याच. मिस्त्रींनी साखळीवर बोट फिरवलं. ती जागच्या जागी गंजून ताठ झाली होती, आणि तो गंज महिन्याभराचा नव्हता. पेडलच्या रबरावरची नक्षी कोरी होती. डाव्या मुठीचं रबर मात्र पार झिजून गेलं होतं.

"रोज न्यायचे?"

"रोज. मी खिडकीतून बघायचे."

गल्लीच्या टोकापर्यंत ते सायकल हातात धरून चालत, वळणावर हात हलवत आणि दिसेनासे होत. पुढे बसत असतील, असं ती धरून चालली होती. निघायचे मात्र कामाच्या वेळेच्या तासभर आधी. म्हातारपणी हौस आली आहे, असं तिने आत्याला कौतुकाने सांगितलंही होतं. संध्याकाळी सायकल कशी चालते विचारलं, की ते घाम पुसत म्हणत, वाऱ्यासारखी.

"एकदा येऊन बोलले असते तर बदलून दिली असती," मिस्त्री म्हणाले.

तिने मान हलवली. मिस्त्रींनी काळी सायकल स्टँडवर चढवली, एकदा बसून बघा म्हणाले. ती निळीपाशीच उभी होती.

"इथून कारखान्यापर्यंत चालत किती वेळ लागतो?"

मिस्त्री हात पुसत राहिले.

"चढ आहे, ताई. सायकल ढकलत न्यायची तर तास धरा."