हिरव्या दोऱ्याची शिवण

"कापड कोणाचं?" चौकशीच्या साहेबांनी चिमट्यात धरलेला काळा बोळा सगळ्यांसमोर फिरवला.

रेल्वेच्या इंजिन-शेडमध्ये सगळ्यांना गोळा केलं होतं. मागे इंजिन उभं होतं आणि त्याच्या पोटाला माणसाचं डोकं आत जाईल एवढं भोक पडलं होतं. बोळ्याने तेलाची जाळी बुजली, भर चढावर बेअरिंग जळालं, आणि मांडीएवढा जाड कनेक्टिंग रॉड मोडून लोखंड फोडत बाहेर आला. ड्रायव्हरचा असिस्टंट हात भाजून दवाखान्यात पडला होता. ड्रायव्हर टोपी हातात घेऊन उभा होता.

"धोक्याची घंटा वाजूनही तुम्ही इंजिन बंद केलं नाही," साहेब त्याला म्हणाले.

"वाजल्याबरोबर हात घातला, साहेब. तेवढ्यात धडाका झाला. किती वेळा सांगू?"

"बोळा कोणाचा ते कळत नाही, तोवर जबाबदारी तुमचीच."

त्या इंजिनाच्या पोटात शेवटचा हात फिरला होता तो फिटरचा. शेडमधला सर्वांत जुना माणूस, निवृत्तीला सात आठवडे उरलेले. टापटीप इतकी, की बाकीच्यांना वैताग यावा. शेडमधल्या चिंध्यांचे दोरे सुटून तेलात जातात म्हणून हा पुसायला घरून कापड आणायचा. जुनं कापड फाडून बायको चारही कडा दुमडून शिवून द्यायची. "वहिनींनी इंजिनाला रुमाल धाडले वाटतं!" असं कोणी चिडवलं, की स्वारी खूश. बाहेर येताना तुकडे मोजायचा त्याचा नेम होता. त्या दिवशी चहा आला आणि मोजायचं राहून गेलं.

बोळा तेलाने काळाकुट्ट झाला होता, पण एका कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याच्या दुहेरी शिवणीचे दोन-चार टाके पुसट दिसत होते. बायकोचे ते टाके फिटरशिवाय दुसऱ्या कोणाला सात जन्मांत ओळखू आले नसते. गप्प बसावं असं त्याला फार वाटलं. मग टोपी हातात घेऊन तसाच उभा असलेला ड्रायव्हर त्याला दिसला.

"माझं आहे," तो म्हणाला.

"कशावरून?"

"शिवण घरची आहे, साहेब. याला सोडा."

संध्याकाळी तो घरी पोचला, त्याआधीच हिरव्या शिवणीसकट बातमी पोचली होती. बायकोने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"कापड कुठलं होतं?"

"शेडमधलीच चिंधी."

"मग माझं आहे असं कशाला म्हणालात?"

"म्हणालो झालं. वाढ आता."

तिने वाढलं. दोन घास खाऊन तो उठला. हात धुऊन तो आतल्या खोलीत आला, तर एक उशी उघडी पडली होती. तिने हिरव्या दोऱ्याने शिवलेल्या अभ्र्यांची जोडी होती. एक विरला म्हणून तिनेच गेल्या महिन्यात फाडून त्याला तुकडे करून दिले होते. दुसरा मांडीवर घेऊन ती खाटेच्या कडेला बसली होती आणि त्याची हिरवी शिवण एकेक टाका करून उसवत होती.