ज्वाळेचा फायदा

तेलविहिरीवरचा गॅस जाळणारी ती ज्वाळा चाळीस वर्षांत विझली नव्हती. तिच्यातून वर जाणारा कार्बन नायजेरियाला वर्षाकाठी केवढ्याला पडतो, हे काढायचं काम लागोसच्या कचेरीनं ओचुकोवर सोपवलं. पाहणीच्या यादीत नेमकं त्याचंच गाव निघालं, पण हा पठ्ठ्या कचेरीत अवाक्षर बोलला नाही. बोलणार कुठल्या तोंडानं? आपली आई निवृत्त मुख्याध्यापिका आहे, शहरात बंगल्यात राहते, असं त्यानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

पाहणीची गाडी गावात पोचली तेव्हा मुख्याध्यापिकाबाई इतर बायकांबरोबर ज्वाळेसमोर ओणव्या होऊन कसाव्याच्या कंदाच्या चकत्या उलटत होत्या. उन्हात तीन दिवस घेणाऱ्या चकत्या इथे एका दुपारीत वाळतात. बाईंच्या भुवया केव्हाच जळून गेल्या होत्या. त्याच चकत्या विकून साहेबांचं अर्थशास्त्र शिकून झालं होतं.

उऱ्होबो जमातीतल्या लेकानं आई दिसताच गुडघे टेकून 'मिग्वो' म्हणायचं आणि आईनं 'व्रेंदो' म्हणून त्याला उठवायचं, ही रीत. ओचुकोचे गुडघे ताठच राहिले. शेजारी कचेरीतली मोरेनिके उभी होती. आईनं त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं आणि काय ते ओळखलं.

"या साहेब," ती म्हणाली.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मोरेनिके विचारत गेली आणि तो फॉर्म भरत गेला.

"घरावरचे पत्रे किती टिकतात?"

"दोन वर्षं. मग गंजून चाळण होते."

"शेत?"

"कंद अंगठ्याएवढे निघतात. ते खायचे की त्यांची कीव करायची?"

"खोकला?"

"तो घरचाच झालाय आता. पाहुण्यासारखा जातच नाही."

मोरेनिके हसली. "बरं, या आगीचा काही फायदा? काही दिलं तिनं तुम्हाला?"

"दिलं की!" आईचा चेहरा उजळला. मग ती चकत्यांकडे वळली. "या वाळतात, बाई. एवढंच."

"मुलं किती?"

"नाहीत."

ओचुकोनं शून्य लिहिलं. लाज वाटली, तरी लिहिलं.

तेवढ्यात बांधावरून शेजारीण ओरडली, "अगं ओचुकोच्या आई! लेक आला ना तुझा? गाडी बघितली मी! तोंड तरी गोड कर आमचं!"

मोरेनिकेनं चमकून ओचुकोकडे पाहिलं. खरं सांगून टाकायला शेजारणीनं दार उघडून दिलं होतं, आता नुसतं आत पाऊल टाकायचं होतं. त्यानं ओठ उघडलेही. पण आईच आधी बोलली.

"इथे घरटी एक ओचुको आहे, बाई. दुसऱ्या कुणाला तरी हाक मारतेय ती."

"म्हणजे तुझं नाव इथे भलतंच स्वस्त आहे की रे!" मोरेनिके म्हणाली.

"हो ना," ओचुको म्हणाला आणि त्यानं पुढचा प्रश्न वाचला.