पडद्याचं वजन

मास्तरांच्या शिलाईच्या दुकानाचा पडदा कितीही वारा सुटला तरी हलत नसे. त्याचं कारण त्यांच्या बायकोला ठाऊक होतं. कपडे धुवायला घेताना ती नवऱ्याच्या खिशातली चिल्लर काढी आणि पडद्याच्या तळच्या दुमडीत शिवून टाकी. डब्यात ठेवली असती तर चहापाण्यात गेली असती. मास्तरांचा हात सढळ! तिला त्यांच्या मशीनला मोटार बसवायची होती. पाय मारून मारून त्यांचा गुडघा पार कामातून गेला होता, आणि स्वतःसाठी खर्च करणं मास्तरांच्या रक्तातच नव्हतं.

मग दुकानात फोनवर पैसे घ्यायचा कोड लागला आणि खिसे रिकामे झाले. तिने त्या कोडाच्या नावाने बोटं मोडली. थेंबच आटले, तर तळं साचणार कसं?

पण थोड्याच दिवसांत खिसा पुन्हा वाजू लागला.

"जुनी माणसं अजून रोख देतात गं," मास्तर म्हणाले. तिने मनातल्या मनात त्या जुन्या माणसांना दीर्घायुष्य चिंतलं.

एकदा ती साखर आणायला गेली, तर किराणावाला म्हणाला, "वहिनी, मास्तरांना एवढी चिल्लर लागते तरी कशाला? मला फोनवर पैसे पाठवतात नि सुटे घेऊन जातात. जगाने चिल्लर सोडली, यांनी धरली!"

साखर तिथेच विसरून ती तडक दुकानात आली.

"अहो, पडद्याचं तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून," मास्तर मान वर न करता म्हणाले. "माझ्या दुकानात एवढे वाकडे टाके दुसरं कोण घालणार?"

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, तुला काहीतरी हौसेचं घ्यायचं असेल. विचारलं असतं तर साठवायचंच सोडलं असतंस."

"हौस कसली डोंबलाची! तुमच्या मशीनला मोटार घ्यायची होती."

मास्तरांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग खो खो हसत सुटले. तीही हसली, आणि हसता हसता दोघांचे डोळे भरून आले. दोघांनी मिळून पडदा उसवला. पिशवीभर चिल्लर पाहून किराणावाल्याने कपाळाला हात लावला, कारण त्यातली बरीचशी त्याचीच होती. तरी त्याने ती घेतली आणि पैसे फोनवर पाठवले.

मोटार आली. मशीन पळू लागली, तरी मास्तरांचा पाय सवयीने हलतच राही. हलका झालेला पडदा मात्र दिवसभर फडफडून त्यांच्या तोंडावर येई.

काही दिवसांनी तिच्या लक्षात आलं, पडदा आता फडफडत नाही. तिने तळाशी बोटं फिरवली. आत नाणी लागली. टाके इतके सरळ होते, की कोणी घातले हे विचारायची गरजच नव्हती. तिने विचारलंही नाही.