पिवळा की हिरवा

कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि बाहेरच्या खोलीतून बायकोने विचारलं, "अहो, शिजला का तुमचा दगड?"

"शिजवत नाहीये गं. निर्जंतुक करतोय," वाफेवाले म्हणाले.

वाफेवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. ऑपरेशनची हत्यारं धुवायची, कापडात बांधायची, वाफेच्या यंत्रात घालायची आणि शिक्का मारून आत पाठवायची, हे काम त्यांनी एका मोठ्या हॉस्पिटलात केस पांढरे होईपर्यंत केलं. तिथे सगळे त्यांना वाफेवालेच म्हणत. निवृत्तीनंतर नोकरी सुटली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. जंतूंशी हाडवैर होतं तेही चिकटलं. घरात कुत्रं-मांजर सोडा, साधी कुंडी कधी आली नाही. मातीत काय काय असतं ते मला विचारा, असं ते म्हणायचे. अशा माणसाच्या ओट्याशेजारी आता काचेची टाकी, मिठाची पिशवी, हीटर, पंप आणि निळा दिवा असा बाजार मांडला होता.

याला कारण बायकोचे डोळे. ती दोरे-बटणांच्या दुकानात काउंटरवर होती. गिऱ्हाईक म्हणे, "निळा दोरा द्या." ही विचारी, "कुठला निळा?" मग कापडाचा तुकडा नुसता डोळ्यांसमोरून फिरवायची आणि हात मागे करून नेमकं तेच रीळ काढायची. त्या डोळ्यांचा मागचा पडदा सुकत चालला होता. डॉक्टरांनी आडवळण न घेता सांगितलं, की याला औषध नाही, काही महिन्यांचा प्रश्न आहे, बघायचं ते बघून घ्या.

त्याच दवाखान्यात समुद्राच्या पाण्याची टाकी होती. तपासून बाहेर आल्यावर ती त्या काचेला नाक लावून उभी राहिली. आत फुलांसारखी पोवळी डुलत होती आणि केशरी मासे त्यांत लपाछपी खेळत होते. "अहो, हा जांभळा मी उभ्या जन्मात दोऱ्यात पाहिला नाही," ती म्हणाली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. वाफेवाल्यांना तो आवाज सहन झाला नाही. दुसऱ्याच दिवशी ते शोभेच्या माशांच्या दुकानात गेले.

आणि आता तिथेच, शिजलेला दगड घेऊन, ते पुन्हा उभे होते. दगड पांढराफटक पडला होता आणि पिशवीतून उग्र वास येत होता.

"कुकरमध्ये?" दुकानदाराने कपाळावर हात मारला. "अहो काका, याच्यावरच्या जीवांचं विष वाफेत उतरतं, माणसं आडवी होतात! नशीब बलवत्तर म्हणून वाचलात. आणि जिवंत दगड दिला होता मी तुम्हाला."

"दगड कसा जिवंत असेल?"

"होता. आता नाहीये. त्याच्या भोकाभोकांत जंतू होते, चांगले जंतू. तेच तर पाणी साफ ठेवतात."

चांगले जंतू. वाफेवाल्यांनी हे दोन शब्द एकत्र कधी ऐकले नव्हते. एखाद्याने चांगला चोर म्हणावं तसं त्यांना वाटलं. दुकानदार मात्र सांगतच सुटला. मीठ घालायचं, पण स्वयंपाकघरातलं नाही. पाणी आटलं की भरायचं, पण ते गोडं. टाकी आधी माशांवाचून ठेवायची, आणि त्या रिकाम्या टाकीत माशांचं खाणं टाकून ते सडू द्यायचं.

"सडू द्यायचं?"

"सडल्याशिवाय जंतू कसे वाढणार?"

"आणि मासे?"

"मासे शेवटी. घाई केलीत तर मरतील. टाकी तयार व्हायला वेळ लागतो काका, त्याला इलाज नाही."

वेळच तर नाहीये, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. एक नवा दगड ओल्या कागदात गुंडाळून घेऊन ते घरी आले. स्वतःचा त्यांना भयंकर राग आला होता. आयुष्यभर ज्या कामाबद्दल पाठीवर थाप मिळाली, तेच काम त्यांनी चोख केलं होतं आणि तिचे दिवस वाया घालवले होते.

"जाऊ द्या हो," बायको म्हणाली. "तुम्हाला बाळ दिलं असतं तर तेही उकळून घेतलं असतंत."

नवा दगड पाण्यात गेला. पाणी तयार झालं की नाही हे पाहण्यासाठी दुकानदाराने एक डबी दिली होती. काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, हलवायचं आणि जो रंग येईल तो पुठ्ठ्यावरच्या रंगांशी ताडून बघायचा. हिरवा म्हणजे विष. स्वच्छ पिवळा म्हणजे मासे आणा. वाफेवाल्यांनी नळी उजेडात धरली, चष्मा वर केला, खाली केला. त्यांना एकदा पिवळा वाटे, एकदा हिरवा, आणि तिसऱ्यांदा दोन्ही.

"आणा इकडे," बायको म्हणाली. नळी डोळ्यांजवळ नेऊन तिने मान तिरकी केली. "हिरवा. कोवळ्या पानाचा. वरून दुसरं घर."

बस्स. तेव्हापासून ते काम तिचं झालं. टाकीतल्या कुठल्याही गोष्टीबद्दल वाफेवाल्यांची खात्री नव्हती, पण रंगाच्या बाबतीत तिचा शब्द त्यांना डॉक्टरच्या सहीसारखा होता. रोज सकाळी ते नळी तिच्या हातात देत आणि ती निकाल देई. कधी पानाचा, कधी कच्च्या आंब्याचा. हे दोघांना आवडू लागलं होतं. कित्येक वर्षांत त्यांनी असं एकत्र बसून काही केलं नव्हतं.

मग टाकीला बुरशी लागल्यासारखं झालं. वाळूवर, दगडावर, काचेवर तपकिरी साय धरली. वाफेवाल्यांचे हात शिवशिवले. घासणी घेऊन ते टाकीपुढे उभे राहिले, दुकानदाराला फोन केला, त्याने सांगितलं, "उत्तम! हात लावू नका." उत्तम? घाण झाली की उत्तम आणि स्वच्छ केलं की सत्यानाश. त्यांनी घासणी ठेवून दिली आणि आपण खुळे झालोय की जग, याचा विचार करत बसले.

"किती घाण दिसतंय ना?" त्यांनी विचारलं.

"छे, छान रंग चढलाय," ती म्हणाली.

त्यांना जरा नवल वाटलं. ही बाई मळका तपकिरी दोरा गिऱ्हाइकाला दाखवतानासुद्धा नाक मुरडायची. पण आपल्याला बरं वाटावं म्हणून बोलली असेल, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

थोड्याच दिवसांनी एका सकाळी तिने नळी नेहमीसारखी डोळ्यांजवळ नेली, मान तिरकी केली आणि म्हणाली, "पिवळा."

"अगं, नक्की?"

"स्वच्छ पिवळा. जा, घेऊन या मासे. दोन आणा, जोडी."

वाफेवाले आनंदाने उडालेच. इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. दुकानदाराने बजावल्याप्रमाणे टाकीतलं थोडं पाणी बाटलीत बरोबर घेतलं होतं. दुकानात त्याने ते नळीत घेतलं, थेंब टाकले, हलवलं आणि नळी खिडकीकडे धरली.

"काका, कुणी सांगितलं पिवळा?"

"घरी पाहिला. का?"

"हिरवा आहे हो हा. बघा."

त्यांनी पाहिलं. या खेपेला चष्मा वरखाली करावा लागला नाही. हिरवागार होता, त्यांनासुद्धा दिसत होता. तुमची डबी बिघडली असेल, असं ते म्हणाले. दुकानदाराने दुसरी डबी फोडली. रंग तोच. मग ती चुकली असेल, असं त्यांच्या मनात आलं, आणि लगेच, ती कशी चुकेल? रंगात ती कधी चुकली नाही. तपकिरी सायीला ती छान रंग म्हणाली होती, ते त्यांना आठवलं. तिला दिसत नव्हतं. कधीपासून, कोण जाणे. ती अंदाजाने बोलत होती, आणि ते त्यांना कळू नये म्हणून रोज मान तिरकी करत होती.

"मासे आज नका नेऊ," दुकानदार म्हणाला. "मरतील."

"नाही नेत."

वाटेत त्यांनी तिच्याशी काय बोलायचं ते चार वेळा ठरवलं आणि चार वेळा मोडलं. सांगितलं का नाहीस म्हणून रागवावं? डॉक्टरकडे चल म्हणावं? डॉक्टरने तर आधीच सांगितलंय. की रडावं? दार उघडताना त्यांच्या हातात फक्त रिकामी बाटली होती.

ती टाकीसमोर खुर्ची ओढून बसली होती. केस विंचरले होते. निळ्या दिव्याचा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला होता.

"आणलेत?" तिने विचारलं.

त्यांना नाही म्हणायचं होतं. तोंडही उघडलं होतं. पण ती खुर्चीत पुढे सरकून बसली, दोन्ही हात मांडीवर, दवाखान्यात त्या काचेपुढे उभी असताना होती तितकीच उत्सुक. ते टाकीजवळ गेले, झाकण सरकवलं आणि हाताने पाणी हलवलं.

"सोडले," ते म्हणाले.

ती बराच वेळ काचेकडे बघत राहिली. आत तपकिरी दगड होता आणि पाणी होतं. पंप चालू होता.

"अय्या, दिसले हो," ती म्हणाली. "दोघं दगडाच्या मागून निघाले बघा. किती सुंदर!"

वाफेवाले तिच्याशेजारी स्टूल घेऊन बसले.

"हो," ते म्हणाले. "नवीन आहेत, जरा बुजलेत."

"त्यातला मोठा कुठला?"

त्यांनी पाण्यात नीट निरखून पाहिलं.

"डावीकडचा," ते म्हणाले.