मालकांनी माझी तार काढली

मित्रांनो, मी एक जुनी विजेची घंटी आहे. पितळेची वाटी, तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि छोटी हातोडी, एवढाच माझा संसार. बाहेर कोणी बटण दाबलं की वेटोळ्याचं चुंबक होतं, हातोडी ओढली जाते आणि मी वाजते.

या घरच्या ताईंनी मला या दारावर बसवलं. त्या विजेच्या मोटारींचं वाइंडिंग, म्हणजे आतल्या तारा गुंडाळण्याचं काम करतात. एकदा माझं वेटोळं जळलं, तेव्हा त्यांनीच ते नव्याने गुंडाळलं. माझ्या खणखणीत आवाजाचं पाहुणे कौतुक करत.

पुढे घरातलं बोलणं खुंटलं. ताई घर सोडून गेल्या आणि त्यांनी घटस्फोटाचा अर्ज केला. मालकांनी, म्हणजे ताईंच्या यजमानांनी, ठरवलं की हो म्हणायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही. समन्स हाती पडल्याशिवाय खटला पुढे सरकत नाही, असं त्यांना कोणीतरी शिकवलं होतं. त्यांनी माझी तार काढली. समन्स घेऊन कोर्टाचे बेलीफ येत, बटण दाबत आणि ‘घर बंद’ असा शेरा मारून जात. मालक आत पंखा बंद करून बसत. विजेवाचून मी मुकी.

एकदा बेलीफांबरोबर ताईही आल्या. मालक आतल्या खोलीत होते. जिन्यातलं बोलणं मला दाराच्या फटीतून ऐकू आलं. गॅसवाला भरलेलं सिलिंडर घेऊन परत निघाला होता.

"घंटी मेलीय त्यांची," तो करवादला. "आता बसा म्हणावं चूल फुंकत."

तो गेल्यावर बेलीफ म्हणाले, "चला ताई, आजही हेलपाटाच."

"थांबा काका. सिलिंडर परत गेलं हे कळलं की तो घंटी जोडेल. आणि वाजते का ते बघायला बाहेर येईल."

"कशावरून?"

"संसार केलाय त्याच्याशी."

थोड्या वेळाने आत गॅस एजन्सीचा फोन वाजला. मालकांनी कपाळावर हात मारला, स्टुलावर चढून तार जोडली, दार उघडलं आणि स्वतःच बटण दाबलं. मी जीव तोडून वाजले.

"छान वाजते," बेलीफ पुढे झाले. "इथे सही करा."

"मी घरी नाहीये," मालक म्हणाले.

बेलीफांना हसू आवरेना. ताई हसल्या नाहीत. "नाही म्हणायचं तर कोर्टात येऊन म्हण. पण बोल."

मालकांनी सही केली. खटला अजून चालू आहे. मालक तिथे कडाडून भांडतात आणि ताई प्रत्येक तारखेला उभ्या राहतात.

मित्रांनो, हल्ली माझ्यावर धूळ साचली आहे. तुमच्या दारावरच्या घंटीला अधूनमधून फडकं मारा. आणि कोणी उत्तर मागायला आलं तर दार उघडा. नकारच द्यायचा असेल, तर तोही उंबऱ्यात उभं राहून द्या.